जुना कोट आणि जुनी लाज

गेल्या पौषांत पुण्याच्या जुन्या बाजारांतून आम्हीं एक लोकरी कोट तीनशें रुपयांस विकत घेतला. कापड उत्तम, अस्तर शाबूत, गुंडी तेवढी एक गेलेली. घरीं आणतांच ताईंनीं विचारलें, "अरे, कोणा मेलेल्या माणसाचा असला म्हणजे?" एका प्राध्यापक स्नेह्यांनीं "कॉलेजनें पगार थांबविला कीं काय?" अशी पृच्छा केली. सौभाग्यवतींनीं मात्र चातुर्य दाखविलें. पाहुण्यांस त्यांनीं "हा लंडनहून आलेला" असें सांगितलें, आणि त्याच मंडळींनीं बाही चाचपून कोटाची वाखाणणी केली. वस्त्र तेंच, अंगही तेंच. बदलली ती केवळ हकीकत. तेव्हां लाज वस्त्राची नव्हती, हें उघड आहे. मग ती कशाची?

पहिला आक्षेप आरोग्याचा. परंतु आक्षेप घेणारे हेच गृहस्थ हॉटेलांतील चादरीवर निजतात, आगगाडींत मिळणारें कांबळें नाकापर्यंत ओढून घेतात, आणि न्हाव्याचा टॉवेल मानेभोंवतीं विनातक्रार गुंडाळूं देतात. कढत पाणी, साबण आणि दोन दिवसांचें ऊन यांनीं जें होत नाहीं, तें नव्या कापडावरील किंमतीच्या चिठ्ठीनें कसें होतें?

दुसरा आक्षेप जुनेपणाचा. पण आपल्या घरांत मूल जन्मतें तेव्हां त्याच्या अंगाला पहिला स्पर्श जुन्या धोतराच्या दुपट्याचाच होतो. जुन्या लुगड्यांची गोधडी ही ऊब आणि माया या दोहोंची खूण. आजीची पैठणी नातीच्या अंगावर आली कीं डोळे भरून येतात. पदपथावर घेतलेल्या जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर परक्याची सही आढळली तर आम्ही धन्यता मानतों; कोटाच्या खिशांत परक्याचें बसचें तिकीट सांपडलें कीं मात्र अंगावर शहारे येतात!

कोणी म्हणतील, गोधडी घरची, कोट परक्याचा. बरोबर, येथेंच खरी मेख आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत शूद्रास जीर्ण वस्त्रें द्यावीं आणि चांडाळानें मृतांचीं वस्त्रें नेसावीं, असें सांगितलें आहे. ताईंनीं मनुस्मृति वाचलेली नाहीं. तरी त्यांचा प्रश्न तेथूनच आला. उतरलेलें वस्त्र देणारा वरचा आणि घेणारा खालचा, हा तो संस्कार. ज्यांच्यावर अशीं वस्त्रें शतकानुशतकें लादलीं गेलीं, त्यांनीं तीं नाकारावीं हा त्यांचा स्वाभिमान होय. १९२७ सालीं महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटक्या वेषाचा उपदेश केला, त्यामागेंही हाच स्वाभिमान होता. परंतु आपण तर देणाऱ्यांच्या बाजूचे! आपल्या नकारांत स्वाभिमान नव्हे, खालीं गणले जाण्याचें भय आहे.

कोट आला त्याच आठवड्यांत दाराशीं बोहारीण आली. ताईंनीं तिला तीन साड्या व दोन विजारी दिल्या आणि मोठ्या पातेल्यासाठीं अर्धा तास घासाघीस केली. त्यांत त्यांना कांहींच कमीपणा वाटला नाहीं. ते कपडे धुऊन, रफू करून, इस्त्री करून बाजारांत जातील आणि कोणीतरी ते नेसेल. व्यवहाराच्या एका टोकाला आपण ताठ मानेनें उभे राहतों आणि दुसऱ्या टोकाला नाक मुरडतों. हिला टापटीप म्हणत नाहींत, दांभिकता म्हणतात.

परदेशांतील उदाहरणांवांचून आमच्या सुशिक्षितांचें समाधान होत नाहीं, म्हणून सांगतों: बोस्टन येथें १९०२ सालीं एडगर हेल्म्स या पाद्र्यानें श्रीमंतांचे जुने कपडे गोळा करून, ते गरजूंकडून दुरुस्त करवून विकण्याचा उपक्रम आरंभिला, त्यांतूनच पुढें 'गुडविल' ही संस्था वाढली. आपल्याकडे पानिपतास देशोदेशींचे जुने लोकरी कपडे पिंजून त्यांच्या सुतापासून कांबळीं विणतात. एका सुती सदऱ्यामागें अदमासें २,७०० लिटर पाणी खर्चीं पडतें, असा हिशेब सांगितला जातो. मराठवाड्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांचें नांव घेऊन हळहळणाऱ्यांनीं आपल्या कपाटाकडेही एकदां पाहावें.

स्वस्त मिळालें म्हणून दहा नग घरीं आणावे, असें आमचें म्हणणें नाहीं. ती केवळ जुन्या मालाची नवी हांव होईल. गरज असेल तेवढेंच घ्यावें, विकणारीच्या कष्टांचें मोल पुरतें द्यावें, आणि कोणी विचारलें तर खरें सांगावें. यांतील शेवटची अट सर्वांत कठीण. आम्हीं गुंडी लावून घेतली आहे. पुढच्या थंडींत पाहुणे आले म्हणजे, सौभाग्यवतींनीं लंडनचें नांव काढण्यापूर्वींच, कोट कोठला तें आम्ही स्वतः सांगणार आहों.