उलटा कायदा

रोग गरीब-श्रीमंत बघत नाही असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं तो नक्की पोटभर जेवून उठलेला असणार. रोग सगळं बघतो. कुणाच्या खोलीत किती माणसं झोपतात, कुणाच्या छातीत कसली धूळ बसलीय, त्याला बरोबर ठाऊक असतं. हे मी बोललो की लोक म्हणतात, गोदीतला हमाल, कविता करतो, बडबडतोय झालं. म्हणून आज एका डॉक्टरचंच म्हणणं तुमच्यापुढं ठेवतो. तेही गोऱ्या डॉक्टरचं.

ज्युलियन ट्यूडर हार्ट. जन्म लंडनचा, शिक्षण केंब्रिजचं, विचारानं कम्युनिस्ट. बडा दवाखाना थाटून मजेत जगला असता. पण गेला साउथ वेल्समधल्या ग्लिनकोरूग नावाच्या खाणगावात, आणि 1961 पासून पंचवीस-एक वर्षं कोळसा खणणाऱ्यांतच राहिला. 1971 साली त्यानं 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात लेख लिहिला. सांगणं एवढंच, की ज्या वस्तीला चांगल्या उपचाराची गरज जास्त, तिच्याच वाट्याला तो कमी येतो. याला त्यानं उलट्या सेवेचा कायदा म्हटलं. वर असंही बजावलं, की औषधपाणी जितकं बाजाराच्या हवाली कराल तितका हा कायदा घट्ट आवळेल. ध्यानात घ्या, ब्रिटनमध्ये 1948 पासून सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा होती. तरीही त्याला हे लिहावं लागलं.

आपल्याकडं 1946 सालीच भोर समितीनं लिहून ठेवलंय, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. कागद झकास आहे. अजून कागदच आहे.

आमच्या टोळीतला एक गडी वर्षभर खोकत होता. कंत्राटी माणूस, म्हणून कार्ड नाही, विमा नाही. एका खाजगी इस्पितळात नेला, तर काउंटरवर आधी डिपॉझिट विचारलं, मग नाव, मग आडनाव परत एकदा. सरकारीत गेलो. तिथं केसपेपर स्वस्त, पण रांग अशी की पाळी बुडाली. एका तपासणीला एक रोजी, रिपोर्टला दुसरी, गोळ्यांना तिसरी. फुकटच्या औषधाची ही किंमत कुठल्या बजेटात लिहितात? आतला डॉक्टर तसा वाईट नव्हता. पोरगाच होता, जागरणानं डोळे तांबारलेले, दाराबाहेर शे-दोनशे माणूस. म्हणाला, धुळीत जाऊ नका, महिनाभर आराम करा. आराम कुणाकडं मागायचा, मुकादमाकडं?

आणि हार्टच्या कायद्यात आपल्यापुरतं एक कलम कमी पडतं. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या खाणगावात महारवाडा नव्हता. आपल्याकडं दवाखान्याचं अंतर पैशात मोजतात तसं स्पर्शातही मोजतात. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तरचं पत्र दिलंय. ते 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. मास्तरची बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेटनं दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तेही वस्तीबाहेर तपासीन या अटीवर. तापलेली बाई तान्ह्या पोरासकट बाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर दिलं एका मुसलमानाच्या हातात, त्यानं मास्तरच्या, मास्तरनं बायकोच्या. त्याच वाटेनं ते परत गेलं. डॉक्टरनं काच वाचली, न्यूमोनिया म्हणाला, फी घेतली आणि पुन्हा आला नाही. बाई मेली.

त्याच्या बत्तीस वर्षं आधी, 1897 साली, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आणलं होतं. त्याच प्लेगनं त्या गेल्या. तेव्हा 'काळच तसा होता' ही पळवाट कुणी आमच्यापुढं ठेवू नये.

आज थर्मामीटर हातोहात जात नसेल. पण नाडी न बघता, मान वर न करता लिहून दिलेली चिठ्ठी तुम्हीही घेतली असेल. आणि आपली पोरं मेडिकलला गेली की होस्टेलात त्यांची रँक आधी विचारली जाते, ती कशासाठी, हे त्या पोरांना विचारा.

दया बिया आपल्याला नको. हार्टनं केलं ते पाहिजे. पेशंट दारात येईल याची वाट तो बघत बसला नाही. गावातल्या एकेका मोठ्या माणसाचं ब्लडप्रेशर मोजलं, लिहून ठेवलं, वर्षानुवर्षं पाठ सोडली नाही. 1991 साली त्याचा हिशेब छापून आला. पासष्टीच्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या गावापेक्षा कमी निघालं.

ब्लडप्रेशरचं मशीन आता मोबाईलपेक्षा स्वस्त मिळतं. आपल्यातली जी पोरंपोरी डॉक्टर, नर्स होतायत त्यांनी रविवारी दोन तास वस्तीत यावं. आपण घरटी फिरू. कोण खोकतंय, किती दिवस, काय काम करतो, दवाखान्यापायी किती रोज बुडाले, सगळं लिहू. मग ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ आणि उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरनं उठायचं नाही. पहिल्या पानावर आमची टोळी घ्या. बारा जण आहेत, खोकणारे पाच.