बिलावरची ती ओळ

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी एका वहिनींनी मला बाजूला घेतलं. दादांची नोकरी ऑगस्टमध्ये गेली. घर ट्रेसीला, म्हणजे उन्हाळाभर एसी, आणि बिल चारशेच्या पुढे. "केअरचा अर्ज भरलात का?" मी विचारलं. त्या दचकल्याच. "छे हो, ते आपल्यासाठी नसतं. आमचा गेल्या वर्षीचा डब्ल्यू-टू बघितला तर हसतील!"

अर्ज भरताना तो डब्ल्यू-टू कुणी बघणार नसतं, हे सांगायला म्हणून हे संपादकीय.

कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असलेल्या केअर योजनेत विजेवर 30 ते 35 टक्के आणि गॅसवर 20 टक्के सूट मिळते. मर्यादा आहे फेडरल दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नाची. 31 मे 2026 पर्यंत एक-दोन माणसांच्या घराला वर्षाला 42,300 डॉलर, तिघांना 53,300, चौघांना 64,300. दर 1 जूनला हे आकडे बदलतात. थोडक्यात हुकलात तर फेरा ही दुसरी योजना आहे: विजेवर 18 टक्के सूट, आणि याच काळात चौघांच्या घराला उत्पन्नाची मर्यादा 80,375 डॉलर. पूर्वी फेरासाठी घरात निदान तिघं लागायची, आता ती अट गेली आहे.

खरी मेख "उत्पन्न" या शब्दात आहे. इथे बघतात ते आज घरात काय येतं ते, कर कापण्याआधीचं. वहिनींशी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. दादांचा बेकारी भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त 450 डॉलर. तो मिळतो 26 आठवडे, पण वर्षभर धरला तरी 23,400. वहिनींच्या अर्धवेळ नोकरीचे 24 हजार. बेरीज 47,400, आणि घरात माणसं चार. चकलीचा तुकडा हातात धरून त्या बराच वेळ त्या नॅपकिनकडे बघत राहिल्या.

बँकेतली शिल्लक यात मोजत नाहीत, तिच्यावरचं व्याज मात्र मोजतात. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेही धरायचं. तिथे हातचं राखू नका. अर्ज आपल्या शब्दावर मंजूर होतो, पण पुढे कधीही कागद मागू शकतात.

आपल्याकडे घोटाळा होतो तो आईवडिलांच्या बाबतीत. ते तुमच्याच घरी राहत असतील तर तुमचा पगारही धरला जातो, विषय संपला. पण ते सीनियर अपार्टमेंटमध्ये वेगळे राहत असतील, मीटर स्वतंत्र आणि बिल त्यांच्या नावावर असेल, तर फक्त त्यांचंच उत्पन्न बघतात. एकच अट: मुलानं किंवा मुलीनं टॅक्स भरताना त्यांना डिपेन्डन्ट दाखवलेलं नसावं. म्हणजे आधी घरात विचारा, मग अर्जाला हात घाला. अनेक काका-काकूंना आपण कुणाच्या रिटर्नवर आहोत हेच ठाऊक नसतं!

राहता राहिली लाज. मी स्वतः 2009 साली बेकार होतो आणि हा अर्ज भरायला सात महिने लावले. सूट मागच्या तारखेपासून मिळत नाही, त्यामुळे ते सात महिने पाण्यात गेले. कुणी मला अडवलं नव्हतं, मीच अडून बसलो होतो. आज कुणी तसं बसलेलं दिसलं की मी बिलाचा तपशील उघडायला लावतो. त्यात "पब्लिक पर्पज प्रोग्राम्स" अशी एक ओळ असते. केअरचे पैसे त्या आकारातून येतात, आणि सूट न घेणारी बहुतेक घरं तो दरमहा भरतात. नोकरी होती तेव्हा वहिनींनीही वर्षानुवर्षं तो भरला. एसटीचं अर्धं तिकीट काढताना आपले आजोबा कधी लाजल्याचं मला आठवत नाही.

मंजुरी सहसा दोन वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं. त्याचं पत्र रद्दीत टाकू नका.

पुढच्या रविवारी मराठी शाळा सुटेपर्यंत मी ग्रंथालयाच्या टेबलाशी बसणार आहे. कुणाला काय विचारलं हे तिथून बाहेर जाणार नाही. येताना शेवटचं बिल घेऊन या, आणि घरात किती माणसं आहेत ते नीट मोजून या.