थोडक्यांत पुरावा

नारपोलीहून निघालेल्या कापडाच्या गांठी प्रत्येक नाक्यावर सोडून तागे मोजूं लागलें, तर माल मुक्कामीं पोहोंचेल केव्हां? ब्लॉकचेनपुढें नेमकी हीच अडचण उभी राहिली. ही हिशेबाची वही एकाच्या कपाटांत नसते. हजारों संगणक तींतील प्रत्येक नोंद स्वतः पुन्हा तपासतात. यामुळें लबाडी कठीण होते खरी, परंतु गति मंदावते. २०१५ सालीं सुरू झालेली इथेरियमची साखळी कित्येक वर्षें सेकंदास सुमारें १५ व्यवहारच उरकीत असे.

यावर शून्य-ज्ञान पुरावा हा उत्तम उपाय होय, असें आमचें मत आहे. ८०५१ चे अवयव पाडण्यास विद्यार्थ्यास बराच वेळ लागेल. पण ८३ व ९७ हें उत्तर हातीं येतांच एका गुणाकारानें कोणीही खात्री करून घेईल. शोधणें कष्टाचें, पडताळणें सोपें. गोल्डवासर, मिकाली व रॅकॉफ यांनीं १९८५ मध्यें मांडलेल्या कल्पनेंतून पुढें असें गणित निघालें कीं, लांबलचक हिशेबासही आटोपशीर पुरावा जोडतां यावा. आतां हजारों व्यवहार साखळीबाहेर एकत्र उरकतात. साखळीवर त्यांचा सारांश व एक लहानसा पुरावा तेवढा तपासला जातो. नांवांत गुप्तता असली, तरी येथें खरा लाभ संक्षेपाचा आहे.

हा विषय केवळ परदेशचा नव्हे. २०१७ सालीं भारतीय तरुणांनीं ‘मॅटिक’ या नांवानें काढलेली संस्था पुढें ‘पॉलिगॉन’ झाली. तिच्या साखळीवर २०२२ मध्यें गडचिरोलींतील एटापल्ली येथचे सुमारें ६५,००० जातीचे दाखले नोंदविण्याचा उपक्रम निघाला. मार्च २०२३ मध्यें तिनें शून्य-ज्ञान पुराव्यांवर चालणारें निराळें जाळें खुलें केलें. २०२५ मध्यें तें मिटविण्याचें तिनें जाहीर केलें. तथापि ही पद्धति इतर जाळ्यांतून चालूच आहे. सर्व जिल्ह्यांचे दाखले असे नोंदावयाचे, तर पडताळणी स्वस्त व त्वरित हवी. नाहीं तर गरिबाच्या मुलास त्याचा उपयोग काय?

मात्र पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुरावा हिशेबाची शुद्धता सांगतो, मूळ नोंदीची सत्यता नव्हे. दाखल्यावर नांव चुकीचें लिहिलें, तर ती चूकच बिनचूकपणें पुढें जाईल. म्हणून विद्यार्थ्यांनीं गणिताचा कंटाळा करूं नये, आणि लेखणी हातीं घेतांना सचोटी सोडूं नये. यंत्र पहिल्या कामीं साह्य करील; दुसरें ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे.