पाणबुड्याचे घड्याळ, डॉक्टरांचे मनगट

आपल्या इंदुरापासून समुद्र शेकडो मैल दूर. तरीही अलीकडे अनेक व्यवसायबंधूंच्या मनगटांवर पाणबुड्यांची घड्याळे दिसतात. १९५३ साली ब्लाँपाँ आणि रोलेक्स यांनी ती खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी घडविली. आपली मजल हात धुण्याच्या बेसिनपर्यंतच!

तरी रोजच्या वापरासाठी ही निवड मला योग्य वाटते. सफायर काचेवर सहसा ओरखडा उठत नाही आणि रात्री वीज गेली तरी चमकणारे काटे वेळ दाखवितात. मात्र ३०० मीटरच्या आकड्यावर भाळू नये. आयएसओ ६४२५ या मानकाची किमान अट १०० मीटरचीच आहे. शिवाय पाणी अडवितात ती आतली रबरी वॉशर, आणि ती कालांतराने कडक होतात. एका पावसाळ्यात माझ्या घड्याळाच्या काचेखाली वाफ धरली. दोष माझाच होता. सात वर्षांत एकदाही त्याची दाबाखाली तपासणी करून घेतली नव्हती. म्हणून किमतीआधी दुरुस्तीची सोय विचारावी.

पट्टा रबरी घ्यावा, धुता येतो. पोलादी साखळीच्या सांध्यांत काय साचते, हे आपणांस सांगावयास नको. अर्थात रुग्ण तपासताना तेही खिशातच बरे. इंग्लंडच्या आरोग्यखात्याने २००७ मध्ये रुग्णसेवेच्या वेळी मनगटी घड्याळ नको असे सांगितले, तेव्हा आपण हसलो होतो.