फुगे बांधा, सोडू नका

मरोळमध्ये फुग्यांच्या सजावटीचा माझा धंदा आहे. मिलिटरी रोडवरच्या सोसायटीत बारसं असो, चर्च रोडच्या गावठाणात पहिलं कम्युनिअन असो की भवानीनगरात कुणा भाऊंचा वाढदिवस, फुगे आमचे असतात. त्यामुळे आता जे लिहिणार आहे ते स्वतःच्याच पोटावर पाय आणण्यासारखं वाटेल. वाटू दे. समारंभाच्या शेवटी आकाशात फुगे सोडायची जी टूम आपल्याकडे निघाली आहे ती बंद व्हायला हवी. आणि गॅसचे फुगे घरातून, मंडपातून, शाळेतून कायमचे जायला हवेत.

प्रजासत्ताक दिनाच्या आधी एका मंडळाचा कार्यकर्ता आला होता. "ताई, तीन फुटी जम्बो द्या, शंभर. भगवे, पांढरे, हिरवे. गॅस भरून. झेंडावंदन झालं की साहेब सोडतील." मी विचारलं, "सोडल्यावर पडणार कुठे?" तो हसला. "ताई, फुगे वर जातात. पडतील कशाला?" हे उत्तर मी शाळेच्या बाईंकडूनही ऐकलंय आणि टायवाल्या मॅनेजरकडूनही. फुगा नजरेआड झाला की लोकांच्या लेखी तो संपला.

जम्बो फुगा बांधायचा कसा, हे आधी सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. साधा दहा-बारा इंची फुगा पोरंसुद्धा दोन बोटांवर मान गुंडाळून बांधतात. तीन फुटीची मान जाड असते. त्याच रबराची गाठ मारायला गेलात तर बोट तरी अडकतं, नाहीतर गाठ सैल राहते आणि केक कापेपर्यंत फुगा मलूल झालेला असतो. आम्ही मानेत पीव्हीसी पाइपचा तुकडा घालतो आणि ब्लोअरने हवा भरतो. फुगा गोल आहे तोवर ठीक. मानेकडे नासपतीसारखा लांबायला लागला की समजायचं, हवा जास्त झाली. मग गोल होईपर्यंत सोडायची. मंडपात पत्र्याखाली दुपारी जी काहिली होते तिने आतली हवा आणखी फुगते, म्हणून मापापेक्षा दोन-तीन इंच कमीच ठेवलेलं बरं. मग मान चिमटीत धरून तिला चांगले पीळ द्यायचे, पिळावर सुती दोरा आवळायचा, उरलेली मान उलटी दुमडायची आणि दोन्ही पदर मिळून पुन्हा दोरा. एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. अंगठ्या काढून ठेवायच्या, नखं कापलेली हवीत. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा बारीक दोरा रबरात रुततो, शिवाय तो कुजत नाही. बाजारात प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात, चट्कन बसतात, आणि गडबडीच्या दिवशी सगळे त्याच वापरतात. वर सॅटिनची म्हणून विकली जाणारी रिबन येते, तीही प्लॅस्टिकचीच.

हवामान खात्याची माणसंही आपला फुगा असाच बांधतात. मान आवळून, दुमडून, पुन्हा आवळून. आपल्या शेजारीच सांताक्रूझला त्यांची वेधशाळा आहे. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला तीच. तिथून रबरी फुगा वर जातो, खाली रेडिओसाँड नावाचं छोटं यंत्र लटकवलेलं. जगभरातल्या वेधशाळांनी यासाठी एकच घड्याळ धरलेलं आहे. आपल्याकडे ती वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशी येते. वर हवेचा दाब कमी होत जातो तसा फुगा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. खाली तोही पडतो, हे मान्य. पण तो ठरलेल्या वेळी, विमानवाल्यांना ठाऊक असताना, शिकलेल्या हातांनी सोडलेला असतो आणि त्याच्या बदल्यात आपल्याला पावसाचा अंदाज मिळतो. साहेबांच्या शंभर फुग्यांच्या बदल्यात फोटो मिळतो.

आणि तो फोटो काढायचा कुठे, तर मरोळला! इथून विमानतळाची भिंत हाकेच्या अंतरावर. बाल्कनीत फोनवर बोलताना विमान जाईपर्यंत थांबावं लागतं, हे इथल्या कुणालाही सांगायची गरज नाही. मुंबई पोलीस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात त्यांत विमानतळाच्या परिसरात पतंग, उंच उडणारे फटाके, लेझर यांच्या जोडीला फुगेही असतात. आदेश निघतो, पेपरात येतो आणि मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'फुगे सोडणे' तसंच राहतं. अमेरिकेत क्लीव्हलंड शहराने २७ सप्टेंबर १९८६ ला धर्मादाय कामासाठी निधी जमवताना विक्रम करायचा म्हणून जवळपास १५ लाख फुगे एकदम सोडले. हवा फिरली, पाऊस आला, फुगे वर जाण्याऐवजी खाली आले. रस्त्यांवर गाड्या आपटल्या, तळ्याकाठच्या विमानतळाची धावपट्टी अर्धा तास बंद ठेवावी लागली. तळ्यात दोन मच्छीमार बेपत्ता होते, त्यांना शोधणाऱ्या तटरक्षकांना पाण्यावर डोकं कुठलं आणि फुगा कुठला ते कळेना. ते दोघे वाचले नाहीत. आपल्याकडे कुणी १५ लाख सोडणार नाही हे खरं, पण धावपट्टीजवळ किती फुगे चालतील याचा हिशेब मंडळाने करू नये.

चकचकीत फॉइलचा फुगा तर आणखी वेगळी भानगड. त्यावर धातूचा मुलामा असतो, आणि मरोळ नाक्यावरून जाणाऱ्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. एवढं पुरे.

आता गॅस. तीन फुटी फुग्यात साडेतीनशे ते चारशे लिटर गॅस मावतो. एक लिटर हेलियम अंदाजे एक ग्रॅम वजन उचलतो, म्हणजे एक जम्बो फुगा स्वतःचं वजन वजा जाता पाव किलोहून जास्त उचलू शकतो. हेलियम पेटत नाही, सुरक्षित आहे. पण तो बनवता येत नाही, जमिनीतून नैसर्गिक वायूबरोबर निघतो तेवढाच. भारत जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून आणतो. इस्पितळातल्या एमआरआय मशिनचं चुंबक त्याच हेलियमवर थंड राहतं. तो आपण फुग्यात भरतो, आणि लेटेक्स रबर असं सच्छिद्र की गाठ कितीही पक्की मारा, छोट्या फुग्यातून एका रात्रीत आणि जम्बोतून काही दिवसांत गॅस निघून जातो. गाठीतून नव्हे, फुग्याच्या अंगातून.

इतका महागाचा गॅस शंभर फुग्यांत भरायचा तर बिल बघून मंडळाला घाम फुटतो. मग 'स्वस्तातला गॅसवाला' शोधला जातो. स्वस्तातला म्हणजे हायड्रोजन. फुगा उचलायला तो हेलियमहून थोडा सरसच. रस्त्यावर तो कसा बनतो हे अनेकांनी पाहिलं असेल: लोखंडी टाकीत पाणी, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे. टाकी तापते, आत दाब वाढत जातो, आणि बहुतेक टाक्यांना तो दाब मोकळा करणारा व्हॉल्व्हसुद्धा नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये लातूर शहरात अशाच एका फुगेवाल्याच्या सिलिंडरचा स्फोट झाला. फुगेवाला गेला, भोवती जमलेली मुलं जखमी झाली. टाकी फुटली नाही तरी फुगा आहेच. हवेत चार टक्के हायड्रोजन मिसळला की ते मिश्रण पेटू शकतं. सप्टेंबर २०२० मध्ये चेन्नईत एका राजकीय वाढदिवसाला सोडायला आणलेल्या फुग्यांच्या गुच्छापर्यंत फटाक्याची ठिणगी पोचली आणि क्षणात भडका उडाला, कार्यकर्ते भाजले. आपल्या वाढदिवसांत फटाक्यांची माळ, केकवरची ठिणग्यांची मेणबत्ती आणि फुगे हे तिन्ही एकाच टेबलाभोवती असतात. फुगेवाल्याला 'हेलियम आहे ना?' असं विचारून भागत नाही. सिलिंडर कुठल्या कंपनीचा, त्यावर काय लिहिलंय, बिल आहे का, हे बघा. बिल नसेल तर तो हेलियम नाही असंच धरून चाला.

"पण ताई, लेटेक्स नैसर्गिक आहे, झाडाचा चीक आहे, कुजतो," असं मला माझ्याच धंद्यातले लोक ऐकवतात. झाडाचा चीक आहे, खरंच आहे. आपल्या दोडामार्गाकडेही रबराच्या बागा उभ्या आहेत. पण चिकाचा फुगा होताना त्यात गंधक जातं, रंग जातात, तो शिजवला जातो. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या संशोधकांनी लेटेक्सचे फुगे गोड्या पाण्यात, समुद्राच्या पाण्यात आणि औद्योगिक कंपोस्टमध्ये १६ आठवडे ठेवून पाहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला: फुगे बऱ्यापैकी शाबूत होते. तिथल्याच संशोधकांनी २०१९ मध्ये मेलेल्या समुद्रपक्ष्यांची पोटं तपासून सांगितलं होतं की टणक प्लॅस्टिक गिळण्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळल्याने पक्षी मरण्याची शक्यता ३२ पट जास्त असते. मऊ रबर आतड्यात अडकून बसतं. मरोळच्या नाल्यात पडलेला तुकडा मिठीत जातो, मिठी विमानतळाखालून वाहत माहीमच्या खाडीला मिळते. पुढे समुद्रच.

त्यात आपल्या कायद्याची गंमत बघा. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लॅस्टिक वस्तू बंद झाल्या त्यांत फुग्याची प्लॅस्टिकची काडी आहे. जत्रेतल्या पोराच्या हातातली काडी गेली, चांगलंच झालं. पण मोठ्यांच्या समारंभात आकाशात जाणारी क्लिप आणि दोन-दोन मीटर रिबन यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. फ्लोरिडा राज्याने १ जुलै २०२४ पासून मुद्दाम फुगे सोडायलाच बंदी घातली, रबर 'कुजणारं' असलं तरी. आपल्याकडे तसा कायदा यायची वाट कशाला बघायची?

फुगे नकोतच असं मी म्हणत नाही. उद्या फुगे गेले तर मीही गेले. माझं म्हणणं एवढंच, की हवा भरा आणि छताला टांगा. तीन फुटी फुगा पंख्याच्या हुकाला मान वर करून टांगला की फोटोत तो तरंगतानाच दिसतो. पोरांना खरी मजा येते ती ब्लास्ट बलूनची: मोठ्या फुग्यात आधी छोटे फुगे आणि कागदाचे तुकडे कोंबायचे (मान ताणून धरायला चार हात लागतात, आणि त्यात एकाचं हसू आवरत नाही), मग हवा भरून बांधायचा आणि केक कापताना डोक्यावर फोडायचा. आवाज घरात, चिंध्या घरात. त्या चिंध्या मात्र आधी उचला, मग फोटो काढा. रांगतं बाळ असेल तर रबराचा तुकडा घशात जायला वेळ लागत नाही. न फोडता उतरवायचा असेल तर गाठीला लागून, जिथे रबर सैल असतं तिथे, सेलोटेपचा तुकडा लावून टाचणी टोचा. फुगा आवाज न करता बसतो. दोरा, क्लिप, रबर सगळं एका पिशवीत येतं. आम्ही सजावट उतरवण्याचे पैसे आता बिलात वेगळे लावतो. पहिल्यांदा लोक कुरकुरतात, मग देतात.

त्या कार्यकर्त्याला मी मंचाच्या कमानीला हवेचे जम्बो बांधून देते म्हटलं. त्याने दुसऱ्याकडून गॅसचे घेतले. दुसरा कुणीतरी देतोच, म्हणून हे एकट्या दुकट्या फुगेवाल्यावर सोडून चालणार नाही. महापालिका मंडपाला परवानगी देते, पोलीस लाउडस्पीकरला देतात. त्या कागदावर बाकी एवढ्या अटी असतात, तिथे आणखी एक ओळ घाला: गॅसचे फुगे आणायचे नाहीत, कुठलाही फुगा आकाशात सोडायचा नाही. आणि साहेब, तुमच्या हातात कुणी फुग्यांचा गुच्छ दिलाच, तर तो समोरच्या पोरांना वाटून टाका.