तात्पर्य नको, भातुकली हवी

बालनाट्याचा प्रयोग संपला की बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : 'मग, काय शिकलास?' विचारणाऱ्या पालकाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तिकिटांचे पैसे, प्रवास, हक्काची सुट्टी हे सारे खर्ची पडलेले असते. त्या बदल्यात मुलाच्या पदरात काही पडावे, ही अपेक्षा स्वाभाविकच. तरीही नाटकाने नुकतेच जे देऊ केले, ते हा प्रश्न मुलाच्या हातून काढून घेतो, असे आमचे मत आहे. 'खोटे बोलू नये' एवढे एक वाक्य काढून घ्यायचे असेल तर दोन तासांच्या प्रयोगाची गरजच काय?

सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर'च्या वतीने रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले, ते मुलांनाही मोठ्यांच्या तोलाचे, सजलेले नाटक मिळावे या आग्रहातून. 'शांतता! कोर्ट चालू आहे' लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी 'राजाराणीला घाम हवा'सारखी बालनाट्येही लिहिली. बर्लिनच्या 'ग्रिप्स'ची नाट्यपद्धती १९८६ साली मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात आली, ती तर मुलांच्या रोजच्या प्रश्नांकडे मुलांच्याच नजरेने पाहणारी. या मंडळींनी बालप्रेक्षकाला विद्यार्थी न मानता प्रेक्षक मानले. पालक मात्र अजून त्याला विद्यार्थीच समजतात.

मग मूल नाटकात शिकते तरी काय? मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण पाहा. ही भूमिका पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी केली आणि नाटक २०१८ साली नव्याने आले तेव्हा वैभव मांगले यांनी. समोर लुगड्यातला पुरुष नट आहे हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. तरी चेटकीण जवळ आली की ते आईचा हात घट्ट धरते. 'ग्रिप्स'मध्ये याच्या उलट : मोठी माणसे लहान मुलांच्या भूमिका करतात आणि प्रेक्षागृहातली मुले त्यांना आपल्यातलीच समजतात. हे खरे नाही आणि तरीही खरे आहे, या दोन्ही जाणिवा एकाच वेळी मनात धरून ठेवणे, ही साहित्य वाचण्याची पहिली अट होय. पुढे महाविद्यालयात आपण रूपक, निवेदक, उपरोध या नावांनी जे शिकवतो, त्याचे मूळ या घट्ट धरलेल्या हातात आहे.

हे शिक्षण नाट्यगृहात सुरू होते, पण रुजते घरी. दुसऱ्या दिवशी पलंगपोसाचा झगा होतो, लाटण्याची जादूची कांडी होते आणि आजोबांना राक्षस व्हावे लागते. हीच भातुकली मुलाचा खरा अभ्यास. 'तो असं नव्हता म्हणाला' असे ठणकावून मूल मोठ्यांचे वाक्य दुरुस्त करते, तेव्हा ते शब्दांचा क्रम, यमक, ठेका हे सारे आठवून पाहत असते. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा म्हणायला हरकत नाही. शेवट त्याने बदलला तर बदलू द्यावा. पालकांचे काम इतकेच, की सोंग घ्यायला लाजू नये आणि विचारायचेच झाले तर ज्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही असे काही विचारावे : चेटकीण एकटी असताना काय करत असेल? ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळालाच शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. घराघरांत मात्र खेळ हे अभ्यास संपल्यानंतरचे बक्षीसच राहिले आहे.

यात भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला घरातली मराठी येते ती बहुधा 'जेव', 'आवर', 'झोप' अशा आज्ञांपुरती. त्याच भाषेत कुणी गर्जना करते, कुणी कट रचते, कुणी गाते, आणि शेकडो माणसे एकदम हसतात, हे त्याला नाट्यगृहात अनुभवता येते. मराठी वाचवण्याच्या चर्चेत बालनाट्याचे नाव क्वचितच निघते, याचा आम्हांस विषाद वाटतो.

नाट्यगृहे शहरांत, इतरांनी काय करावे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कोकणात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री आजीच्या मांडीवर पेंगत दशावतार पाहणाऱ्या मुलांना तिकीट कधी लागले नाही. संकासुर आला की ती खडबडून जागी होत आणि सकाळी अंगणात त्याचीच नक्कल करीत. त्यांना कुणी तात्पर्य विचारले नाही. कथा मात्र जन्मभर लक्षात राहिली.

साहित्याच्या वर्गात आलेला विद्यार्थी कवितेचा 'संदेश' शोधू लागतो, तेव्हा आपण अध्यापक कपाळाला हात लावतो. ही सवय त्याला वर्गात लागलेली नसते. पाच वर्षांच्या वयात, नाटक पाहून घरी परतताना, प्रेमाने विचारलेल्या त्या एका प्रश्नाने ती लागलेली असते. तेव्हा निदान आपल्या घरातल्या मुलांना तरी आपण तो प्रश्न विचारू नये.