आपांच्या शेवयांचा पत्ता

गेल्या रमजानच्या ऐन मध्यात आपांचा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला. आपा म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. दूल्हाभाईंच्या इंतकालानंतर त्या घरीच शेवया, कुरडया आणि मसाला करून विकतात. दोन मुलांचं शिक्षण त्यावरच चाललं आहे. सिमकार्ड दुसऱ्या दिवशी मिळालं, पण ऑर्डरींचे संदेश, फोटो, दरपत्रक सगळं गेलं. बॅकअप घेतलेलाच नव्हता. त्या ईदला बरीच जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडून शेवया घेऊन मोकळी झाली.

ईद झाल्यावर आपा म्हणाल्या, "दुल्हन, तू शाळेत कॉम्प्युटरवर निकाल तयार करतेस ना? मग मला एक वेबसाइट करून दे. एका पोरानं पंचवीस हजार सांगितलेत."

मी म्हटलं, "करून देणार नाही, आपा. शेजारी बसते, तुम्हीच करा."

यामागे कारण होतं. आमच्याच नात्यातल्या एका टेलरिंगच्या दुकानाची साइट एका मुलानं करून दिली होती. दुकानाच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, त्यानं स्वतःच्या ईमेलवर नोंदवला. पुढं तो परगावी गेला, नूतनीकरणाची सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहिली, आणि मुदत संपून साइट बंद पडली. छापलेल्या पिशव्यांवर मात तो पत्ता अजून आहे. घर भाड्याचं असलं तरी चालेल, पण दारावरची पाटी आपल्या नावाची हवी. म्हणून आपांचा नवा ईमेल काढला, पासवर्ड त्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहिला आणि मगच बाकीचं हाती घेतलं.

आता सॉफ्टवेअर कोणतं? मुलं लगेच वर्डप्रेस म्हणतात. त्यात एक घोळ आहे. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर फुकट आहे, २००३ पासून आहे, पण ते ठेवायला होस्टिंगची जागा विकत घ्यावी लागते आणि वरचेवर अपडेट करावं लागतं. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा. तिच्या मोफत योजनेत पत्त्यात त्यांचं नाव येतं आणि जाहिराती दिसतात. विक्सचंही मोफतात तसंच, वर त्यांची जाहिरातपट्टी. विक्स दिसायला सगळ्यात देखणं, हे कबूल. पण तिथं बांधलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेसमधला मजकूर निर्यात करून नेता येतो. शॉपिफायसारखी दुकानं दरमहा पैसे घेतात. पाच-सहा जिनसांसाठी ती कशाला?

आम्ही गूगल साइट्स घेतलं. गूगल खातं असलं की मोफत, जाहिरात नाही, स्वतःचं डोमेन जोडता येतं. त्यात खरेदीची टोपली नाही, सजावटही बेताचीच. आपांना टोपली नकोच होती. गिऱ्हाईक बटण दाबेल आणि थेट व्हॉट्सअॅप उघडेल, इतकंच हवं होतं. त्यासाठी 'डब्ल्यूए डॉट एमई', तिरपी रेघ, मग ९१ आणि दहा आकडी नंबर, एवढा दुवा पुरतो. अधिकचं चिन्ह मात्र लावायचं नाही.

मोफत गोष्ट उद्या बंद पडली तर? पडू शकते. बिझनेस प्रोफाइलमधून तयार होणाऱ्या मोफत साइट गूगलनंच २०२४ च्या मार्चमध्ये बंद केल्या. त्याआधी २००९ मध्ये याहूचं जिओसिटीज गेलं. म्हणूनच डोमेनवर पैसे खर्च करा, भगिनींनो, बाकी मोफत चालेल. उद्या साइट दुसरीकडे हलवली तरी पिशवीवरचा पत्ता तोच राहतो. डोमेन घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघा.

माझी एक सवय सांगते. कोणतंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात चार ओळी मराठीत आणि दोन उर्दूत लिहून स्वस्तातल्या मोबाइलवर बघावं. देखण्या नमुन्यांतली कित्येक अक्षरवळणं फक्त इंग्रजीसाठी असतात. मराठी लिहिलं की भलतंच वळण येतं. उर्दूत लिहिण्याची दिशा उजवीकडून ठेवली नाही तर पूर्णविराम उलट्या टोकाला जाऊन बसतो. आपांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं उन्हाळ्यात वाळवण घेणाऱ्या मराठी घरांतली, म्हणून मजकूर मराठीतच ठेवला.

खरा वाद झाला तो नंबरावरून. माझे यजमान म्हणाले, "आपाचा नंबर सगळ्या दुनियेला कशाला? माझा टाका." त्यात काळजी होती, नाही असं नाही. पण ऑर्डर भावाकडे गेली की हिशेबही हळूहळू भावाकडे जातो. आपा बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दुसरं सिम घेते. धंद्याचं वेगळं." त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस घातलं. घराचा पूर्ण पत्ता टाकला नाही, फक्त मोहल्ल्याचं नाव. स्वतःचा फोटोही त्यांनी नको म्हटलं, मीही आग्रह केला नाही. अन्नपदार्थांच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मात्र ठळक दिला.

भाच्यानं नेटवरून चकचकीत शेवयांचा फोटो आणला होता. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आपल्या पैगंबरांची (स.) गोष्ट त्याला मदरशात शिकवलेली आहे, आपांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग गच्चीवर दोरीला वाळत घातलेल्या शेवयांचेच फोटो काढले, सकाळच्या उजेडात. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो; तो लहान करून दोनशे केबीच्या आसपास आणला, म्हणजे खेड्यातल्या मंद नेटवरही पान उघडतं.

तीन रविवार लागले. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली आहे. दर मात्र आपांनी अजून टाकलेले नाहीत. गव्हाचा भाव ठरू दे, म्हणतात. तोवर त्या जागी 'दरासाठी विचारा' असं आहे, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही.